विश्लेषण : मिठागरावर फिरणारी ती घार नाही! स्थलांतरित शिकारी पक्ष्यांचे निसर्ग शिक्षण केंद्र म्हणजे काय? वसई-विरारला ते कशासाठी हवे?

भाईंदर सोडून विरार लोकल वसई खाडीच्या पुलावर येते, तेव्हा डब्यातील बहुतेक माना मोबाइलमध्ये असतात. पुलाखाली खाडी, बाजूला पाणजू बेट आणि पुढे नायगावपर्यंत तिवरे, खाजण आणि मिठागरे. नोव्हेंबर ते मार्च या काळात या पट्ट्यावरून एक तपकिरी पक्षी जमिनीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवरून सावकाश जाताना दिसतो. पंख किंचित वर उचललेले, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे. मान खाली. मध्येच तो वळतो, थबकल्यासारखा होतो आणि गवतात झेप घेतो. मी अनेक वर्षे त्याला घार समजत होतो. तो असतो दलदली भोवत्या, म्हणजेच मार्श हॅरिअर. तो इथला नाही. हिमालयापलीकडच्या थंड प्रदेशातून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा आहे.

फ्लेमिंगो आले की बातमी होते, कारण ते गुलाबी असतात आणि हजारोंनी येतात. शिकारी पक्षी एकेकटे येतात, रंगाने मळकट असतात आणि बहुतेकांच्या लेखी ‘घार’ या एकाच शब्दात संपतात. जगात काही ठिकाणी मात्र फक्त याच पक्ष्यांच्या स्थलांतरासाठी निसर्ग शिक्षण केंद्रे उभी राहिली आहेत. तेथे नेमके काय चालते, त्यातून आजवर काय साधले आणि समुद्र, खाडी व डोंगर या तिन्हींच्या मध्ये असलेल्या वसई-विरारला त्यातून काय घेता येईल, याचा हा आढावा.

शिकारी पक्षी कोणाला म्हणतात? ते स्थलांतर का करतात?

गरुड, ससाणे, भोवते, घारी, शिक्रे आणि गिधाडे या सगळ्यांना मिळून शिकारी पक्षी म्हटले जाते. आकडीसारखी चोच, पकड घेणारी नखे आणि तीक्ष्ण नजर ही त्यांची ओळख. गिधाडे सोडली तर बहुतेक जण जिवंत भक्ष्य पकडतात. उंदीर, बेडूक, सरडे, मासे, टोळ, छोटे पक्षी असा प्रत्येकाचा आहार वेगळा.

उत्तरेकडे बर्फ पडू लागला की पक्ष्यांना आधी अडचण थंडीची होत नाही, ती अन्नाची होते. उंदीर बिळात जातात, तळी गोठतात, कीटक नाहीसे होतात. याच सुमारास आपल्याकडे पाऊस संपलेला असतो. भाताची कापणी होऊन शेते मोकळी होतात, खाजणात पाणी उतरलेले असते आणि उंदीर, बेडूक, टोळ यांची रेलचेल असते. सायबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया या बाजूचे पक्षी भारतात येतात ते या अन्नासाठी. मार्च-एप्रिलमध्ये ते परत उत्तरेकडे निघतात.

हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी ऊर्जा कुठून येते?

इथे थोडे अभियांत्रिकीचे गणित. पंख मारत उडणे महाग असते. गरुडासारख्या जड पक्ष्याने सगळा प्रवास पंख मारत करायचा ठरवला, तर साठवलेली चरबी अर्ध्या वाटेतच संपेल. म्हणून हे पक्षी हवेकडून फुकट उंची घेतात. सकाळी ऊन चढले की जमीन तापते. उघडे माळरान, खडकाळ उतार, कोरडी शेते लवकर तापतात. त्यावरची हवा गरम होऊन हलकी होते आणि खांबासारखी वर चढते. हाच तापप्रवाह. पक्षी या खांबात शिरून पंख पसरतो आणि गोल गोल फिरत, जवळजवळ एकदाही पंख न मारता, शेकडो मीटर वर जातो. वर पोहोचला की आपल्या दिशेने घसरत निघतो. मोठे शिकारी पक्षी एक मीटर खाली येईपर्यंत साधारण १० ते १५ मीटर पुढे जातात. उंची कमी झाली की पुढचा खांब गाठायचा. सायकलवाला चढ संपल्यावर पायडल न मारता उतार घेतो, तसेच हे. फरक एवढाच, की इथे चढही फुकट मिळतो.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मोठे शिकारी पक्षी स्थलांतर करतात ते दिवसा, ऊन तापल्यावर. दुसरी, दिवसाच्या उन्हात समुद्राचे पाणी जमिनीसारखे तापत नाही, त्यामुळे पाण्यावर असे भक्कम खांब मिळत नाहीत. म्हणून गरुडासारखे पक्षी मोठा समुद्र टाळतात, किनाऱ्याकडेने किंवा डोंगररांगेच्या कडेने जातात आणि अरुंद जागी गोळा होतात. तुर्कस्तानातील बोस्पोरस, स्पेनच्या टोकाची जिब्राल्टरची सामुद्रधुनी, मेक्सिकोतील व्हेराक्रूझ, काळ्या समुद्राकाठचे जॉर्जियातील बाटुमी ही अशीच नाकी. बाटुमीवरून एका शरद ऋतूत १० लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. तेथे २००८ पासून जगभरातील स्वयंसेवक डोंगरमाथ्यावर बसून ते मोजतात.

मग समुद्र ओलांडणारे कोणीच नाहीत का?

आहेत, आणि त्यांच्यातला सर्वांत थक्क करणारा पक्षी आपल्या डोक्यावरून जातो. अमूर ससाणा. वजन साधारण १५० ग्रॅम, म्हणजे हातातल्या मोबाइलपेक्षाही हलका. आग्नेय सायबेरिया आणि उत्तर चीनमध्ये त्याची वीण होते आणि हिवाळा तो दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला काढतो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य भारतात थांबून वाळवीचे पंखवाले किडे खाऊन अंगावर चरबी चढवतो. मग भारतीय द्वीपकल्प ओलांडून थेट अरबी समुद्रावर झेपावतो. न थांबता, पाच-सहा दिवसांत तो आफ्रिकेचा किनारा गाठतो. वर्षभराचा जाऊन-येऊन प्रवास सुमारे २२ हजार किलोमीटर. लोणावळ्याच्या परिसरात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पक्षिनिरीक्षक याच ससाण्यांच्या थव्यांची वाट पाहत उभे असतात.

हा पक्षी समुद्र का ओलांडू शकतो? एक, तो हलका आणि निमुळत्या पंखांचा आहे. तापप्रवाहावर त्याचे सगळे अवलंबून नाही. दोन, या दिवसांत ईशान्येकडून वाहणारे वारे त्याला मागून ढकलतात. तीन, चतुर. आपल्याकडे पावसाळ्यानंतर मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे फिरतात, त्यातला एक प्रकार याच वाऱ्यांवर स्वार होऊन हिंदी महासागरापलीकडे जातो. मालदीवमध्ये अभ्यास करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये हे मांडले. अमूर ससाणा आणि चतुर यांचा काळ आणि वाट जुळते, म्हणजे प्रवासात या ससाण्याला उडते खाद्य मिळत असण्याची शक्यता अभ्यासक वर्तवतात.

शिकारी पक्ष्यांचे पहिले केंद्र कसे सुरू झाले?

अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात किटॅटिनी नावाची डोंगररांग आहे. शरद ऋतूत तिच्या कडेने ससाणे, शिक्रे आणि गरुड दक्षिणेकडे जातात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लोक या डोंगरावर बंदुका घेऊन जमत आणि गंमत म्हणून हे पक्षी पाडत. कोंबड्या आणि शिकारीचे पक्षी पळवणारे उपद्रवी जीव म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाई. पेन्सिल्वेनियाने १९२९ मध्ये गोशॉक या पक्ष्याला मारणाऱ्यास पाच डॉलरचे इनामही जाहीर केले होते. १९३२ मध्ये रिचर्ड पॉ या तरुणाने जमिनीवर ओळीने मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे काढली. ती न्यू यॉर्कमधील रोझली एज यांच्यापर्यंत पोहोचली. महिलांच्या मताधिकारासाठी लढलेल्या या बाईंनी १९३४ मध्ये तो सुमारे १,४०० एकरांचा डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला, मॉरिस आणि अर्मा ब्राऊन या दाम्पत्याला राखणीला ठेवले आणि शिकार बंद केली. पुढे १९३८ मध्ये ही जमीन विकत घेण्यात आली. हेच हॉक माउंटन अभयारण्य, शिकारी पक्ष्यांसाठीचे जगातले पहिले.

मॉरिस ब्राऊन यांनी राखणीबरोबर आणखी एक काम केले. त्यांनी रोज वर जाऊन पक्षी मोजले. दुसऱ्या महायुद्धातील खंड सोडला तर ती मोजणी आजही चालू आहे. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत रोज. तेथे भेट देणाऱ्याला पिंजऱ्यांची रांग पाहायला मिळत नाही. जंगलातील पायवाटेने चढायचे, खडकावर बसायचे आणि डोंगराच्या कडेने येणारा ठिपका ओळखायला शिकायचे. पंखांचा आकार, शेपटीची लांबी, उडण्याची ढब यांवरून. मोजणारा माणूस शेजारीच असतो, त्याला विचारता येते. खाली माहिती केंद्रात शाळांच्या सहली येतात आणि जगभरातील तरुण अभ्यासक प्रशिक्षण घेतात.

नुसते मोजून काय होते?

अभियांत्रिकीत पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात. एका मोजमापावर विश्वास ठेवू नका. आज दहा पक्षी दिसले, उद्या दोन, याला फारसा अर्थ नाही. वारा बदलला, ढग आले, निरीक्षक चहाला गेला, काहीही असेल. तीच जागा, तीच वेळ, तीच पद्धत आणि अनेक वर्षे, असे झाले की गोंगाटातून संकेत वेगळा होतो.

हॉक माउंटनच्या वहीतून तो वेगळा झाला. रेचल कार्सन यांच्या १९६२ मधील ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात या मोजणीचा आधार आहे. १९३५ ते १९३९ या काळात तेथून जाणाऱ्या बाल्ड ईगल गरुडांत ४० टक्के पिल्ले, म्हणजे त्याच वर्षी जन्मलेले पक्षी असत. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. मोठे गरुड दिसत होते, पण पिल्ले होत नव्हती. डीडीटी हे कीटकनाशक पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांत साठत होते. त्यामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन ती फुटत होती, हे पुढे स्पष्ट झाले. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. गरुड परतले.

यात महत्त्वाचे हे की, मोजायला सुरुवात केली तेव्हा डीडीटीचा प्रश्न अस्तित्वातच नव्हता. कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेल हे माहीत नसताना केलेली नोंद वीस वर्षांनी पुरावा ठरली. शिकारी पक्षी अन्नसाखळीच्या टोकाला असतात. खालच्या पाण्यात, मातीत, माशांत जे विष भिनते ते त्यांच्यात सर्वाधिक साठते. म्हणून तो आपल्या परिसराचा धोक्याचा दिवा असतो.

भारतात असे काही घडले आहे का?

हो. नागालँडमधील वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या जलाशयाभोवती अमूर ससाणे लाखोंनी उतरतात. २०१२ च्या हंगामात तेथे मासेमारीची जाळी उंच टांगून ते पकडले जात आणि विकले जात होते. रोज १२ ते १४ हजार पक्षी मारले जात असल्याचा अंदाज त्या वर्षीच्या छायाचित्र-वृत्तांतातून समोर आला आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, तेथील हत्या थांबली.

हे केवळ पोलिसांनी झाले नाही. पांगती आणि आसपासच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी स्वतः बंदी घातली, चर्चमधून सांगितले गेले, स्वयंसेवी संस्थांनी मुलांसाठी निसर्ग मंडळे सुरू केली. मुले घरी जाऊन बापाला सांगू लागली, की हा पक्षी आफ्रिकेला जाणारा आपला पाहुणा आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांच्या पाठीवर सुमारे ५ ग्रॅम वजनाची सौर उपग्रह यंत्रे बसवली. त्यांना ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ अशी नावे दिली. आपल्या गावाचे नाव घेऊन उडणारा पक्षी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचला आणि पुढे परतही आला, हे गावाने नकाशावर पाहिले. निसर्ग शिक्षण म्हणतात ते हे. कालपर्यंत जे बाजारात किलोने जात होते, त्याला नाव मिळाले.

कायद्याच्या पातळीवर, स्थलांतरित वन्यजीवांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ पासून आहे. शिकारी पक्ष्यांसाठीच्या स्वतंत्र सामंजस्य करारावर २०१६ मध्ये स्वाक्षरी झाली.

वसई-विरारमध्ये कोणते पाहुणे दिसतात?

नकाशा पाहा. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. २००३ मध्ये अभयारण्य घोषित झालेले हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे जंगल. एका बाजूला पाण्यावर शिकार करणाऱ्यांचे ताट, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या उतारावर वर चढणारी हवा. मध्ये भातशेती, वाड्या, मिठागरे आणि माणसे.

हिवाळ्यात इथे सर्वांत सहज भेटतो तो सुरुवातीला सांगितलेला दलदली भोवत्या. मादी गडद तपकिरी आणि डोके मलईच्या रंगाचे. नराच्या पंखांवर राखाडी पट्टा. घार आणि याच्यात फरक करायचा तर शेपटी पाहा. घारीची शेपटी मध्ये खाचलेली असते, भोवत्याची सरळ. घार उंचावर घिरट्या घालते, भोवत्या गवताला घासत जातो.

खाडीच्या खांबावर किंवा वाळक्या झाडावर एकटा बसलेला, पोट पांढरे आणि डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला पक्षी म्हणजे मोरघार, इंग्रजीत ऑस्प्रे. ही फक्त माशांवर जगते. पायाचे बाहेरचे बोट मागे वळवता येते आणि तळव्यावर बारीक काटे असतात, म्हणून बुळबुळीत मासा सुटत नाही. पकडलेला मासा ती नेहमी तोंड पुढे करून नेते, म्हणजे हवेचा विरोध कमी. विमान बनवणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते!

मोकळ्या मैदानावर हवेत एकाच जागी पंख फडफडवत लटकलेली दिसते ती खरूची. आणि उच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यावर किंवा उंच इमारतीच्या टोकावर हिवाळ्यात बसणारा, गालावर काळी मिशी असलेला ससाणा म्हणजे बहिरी. कबुतरांवर झेपावताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. विरार-वसईतील उंच इमारती त्याला कड्यासारख्याच वाटतात. मुंबईभोवतीच्या खाड्यांत हिवाळ्यात येणारा मोठा ठिपकेदार गरुड जागतिक पातळीवर संकटग्रस्तांच्या यादीत आहे. तिवरांच्या बाजूला एखादा मोठा, गडद, आखूड शेपटीचा गरुड दिसला तर घाईने घार लिहू नका.

मग अडचण काय आहे?

भोवत्याला झाड लागत नाही, इमारत तर नाहीच. त्याला लागते उघडी, ओली, गवताळ जमीन. आणि आपल्या भाषेत अशा जमिनीला एकच नाव आहे, ‘पडीक’.

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती आणि त्यानंतर शहर प्रत्येक बाजूने वाढले आहे. लोकांना घरे हवी आहेत. मुंबईत परवडत नाही म्हणून आमच्यासारखी हजारो कुटुंबे इथे आली. तेव्हा पक्ष्यांसाठी माणसांनी निघून जावे, असे म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न कोणत्या जमिनीवर भराव टाकायचा हा आहे.

कायद्यात एक फट आहे, ती समजून घेतली पाहिजे. तिवरांना संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात तिवरांची कत्तल ही नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर गदा असल्याचे म्हटले. मात्र केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून मीठ उत्पादनासाठी तयार केलेल्या जागा वगळल्या आहेत. म्हणजे ज्या मिठागरावर भोवत्या उंदीर पकडतो, ती जागा या नियमांच्या लेखी पाणथळच नाही. मुंबईत २०२४ मध्ये मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय झाला. मिठागरांकडे घरबांधणीची जागा म्हणून पाहिले जाते, ते असे.

पक्षी गेले तर गेले, आपल्याला काय, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर वसईकरांनी पाहिले आहे. जुलै २०१८ मध्ये मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या टप्प्यात होतो. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, विरारकडची लोकल बंद पडली, अनेक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. वसईतील मिठागर वस्तीत सुमारे ४०० माणसे पाण्याने वेढली गेली. या पुरानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमली. पावसाचे पाणी तात्पुरते साठवून ठेवणारे धारण तलाव हा तिच्या शिफारशींतला एक ठळक भाग होता. भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही, तेव्हा डोंगरावरून आलेल्या पाण्याला थांबायला जागा लागते. खाजण, सखल शेते आणि मिठागरे हेच काम पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आली. भोवत्याची शिकारीची जागा आणि पुराच्या पाण्याची थांबण्याची जागा बहुतेक ठिकाणी एकच आहे. भोवत्या दिसेनासा झाला तर त्या जमिनीचे काहीतरी झाले आहे, एवढे निश्चित समजावे.

देशाचे चित्रही चिंतेचे आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालानुसार पृष्ठवंशी प्राणी आणि मृत जनावरे यांवर जगणाऱ्या पक्ष्यांत, म्हणजे मुख्यत्वे शिकारी पक्ष्यांत, सर्वाधिक घट आढळली. उघड्या माळरानांवरचे पक्षीही घटणाऱ्यांत पुढे आहेत.

जवळपास पाहायला कुठे जाता येईल?

वसई-विरारमध्ये शिकारी पक्ष्यांना वाहिलेले केंद्र नाही. मात्र लोकलच्या टप्प्यात दोन ठिकाणे आहेत, जिथे निसर्ग शिक्षण कसे चालते ते पाहता येते. गोरेगावला चित्रनगरीजवळ, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अनेक दशके पक्ष्यांच्या पायात कडी घालून स्थलांतराचा अभ्यास करते आहे. कधी जखमी किंवा मेलेला पक्षी सापडला आणि त्याच्या पायात क्रमांक असलेले कडे दिसले, तर तो क्रमांक या संस्थेला जरूर कळवा. दुसरे ठिकाण ऐरोलीचे. वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. तिवरे, खेकडे, मासे यांची माहिती आणि ठाणे खाडीतील बोटफेरी. फ्लेमिंगो पाहायला गेलात, तर ते एकदम का उडाले तेही पाहा. वर एखादा भोवत्या किंवा गरुड असण्याची शक्यता मोठी. जाण्यापूर्वी दोन्हीकडच्या वेळा आणि नोंदणी तपासून घ्यावी.

इथे सुरुवात कशी करता येईल?

हॉक माउंटनची सुरुवात इमारतीने झाली नाही. एक माणूस, एक वही आणि एक ठरलेली जागा एवढ्यावर झाली. वसईत अशा जागा आहेत. वसईचा किल्ला खाडी जिथे समुद्राला मिळते तिथेच उभा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेल्या या किल्ल्यातून एकाच वेळी खाडी, तिवरे आणि समुद्र नजरेत येतो. तुंगारेश्वरच्या पायथ्याची एखादी मोकळी जागा ही दुसरी. शाळेची किंवा गृहसंकुलाची गच्चीही चालेल.

पद्धत साधी आहे. ऑक्टोबर ते मार्च, आठवड्यातून एक ठरलेला दिवस, सकाळी साडेनऊ ते साडेबारा. याच वेळेत तापप्रवाह सुरू होतात. भोवते पाहायचे असतील तर खाजणाकाठी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास. वहीत तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, ढग किती, पक्षी कोणत्या दिशेने गेला हे लिहायचे. ओळखता आला नाही तर ‘अनोळखी गरुड’ असे लिहायचे. अंदाजाने नाव लिहिण्यापेक्षा ते बरे. काहीच दिसले नाही तर शून्य लिहायचे. शून्य हीसुद्धा नोंद आहे. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. या नोंदी ‘ई-बर्ड’सारख्या खुल्या जागतिक माहितीसाठ्यात टाकता येतात. दर फेब्रुवारीतील जागतिक पक्षिगणनेत भारतातून २०१३ पासून हजारो लोक भाग घेत आले आहेत, त्यात शाळांनाही उतरता येते.

काही पथ्ये आहेत. तिवरांत शिरायचे नाही. छायाचित्रासाठी बसलेला पक्षी उडवायचा नाही, ड्रोन तर अजिबात नको. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही. आणि मकर संक्रांतीला नायलॉनचा मांजा घ्यायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली आहे, तरी दर जानेवारीत झाडांवर आणि तारांवर तो लटकतो. दिवसा आकाशात फिरणाऱ्या पक्ष्याला तो दिसत नाही.

शाळांसाठी यात आणखी एक फायदा आहे. तापप्रवाह म्हणजे उष्णतेचे अभिसरण, घसरण म्हणजे बल आणि गती, वहीतील आकडे म्हणजे सरासरी आणि आलेख. नववीच्या पुस्तकातले निम्मे विज्ञान एका गच्चीवर शिकवता येते. मला हे अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर, ते पण लोकलच्या खिडकीतून कळले.

दोन-तीन हंगाम अशी वही भरली, तर महापालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना देताना हातात नुसती हळहळ नसेल. अमुक खाजणावर अमुक महिन्यांत हे पक्षी दर आठवड्याला दिसतात, ही तारीखवार नोंद असेल. केंद्राची इमारत, फलक, दुर्बिणी हे सगळे नंतर येऊ शकते. मिठागर एकदा भरावाखाली गेले की ते परत आणता येत नाही.

या हिवाळ्यात विरार लोकलने जाणार असाल, तर भाईंदर सुटल्यावर पाच मिनिटे मोबाइल खिशात ठेवा आणि बाहेर पाहा. खाली, गवताच्या उंचीवर. शेपटी खाचलेली आहे की सरळ, एवढेच बघा. सरळ असेल तर तारीख लिहून ठेवा.